आबांच्या टेम्पोतलं बारावं पार्सल

गेल्या रविवारी दुपारी, इस्लामपूरच्या आमच्या घरात टीव्हीसमोर बसून माझ्या वडिलांनी अकरा पार्सलं पोचवली. बाराव्याला मात्र वेळ लागला... आणि मला त्याच्याबद्दलच लिहायचंय.

आधी त्या व्हिडिओ गेमचं सांगते, कारण मी त्याच्या प्रेमात आहे. एक छोटंसं बेट, एक निळा टेम्पो आणि घरोघरी पार्सलं पोचवायची, बस्स. गोळीबार नाही, घड्याळ नाही, हरणं-जिंकणं नाही. उशीर झाला तरी लोक हसून हात हलवतात... दिवसभर कॉलेजात शिकवून आलेल्या बाईला आणखी काय हवं!

आणि काम किती निगुतीनं केलंय. चढ लागला की इंजिनाचा आवाज जड होतो, वळण जोरात घेतलं की मागची खोकी सरकतात. कुणीतरी खरोखर टेम्पोत बसून हे सगळं बघितलं असणार.

आता आबा, म्हणजे माझे वडील. फौजेतली त्यांची सगळी नोकरी पहाडातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात गेली. चार महिन्यांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा हलका झटका आला. हातपाय सावरले, बोलणंही सावरलं, पण डॉक्टर म्हणाले की डाव्या बाजूचं नीट दिसत नाही, गाडी कायमची बंद.

आबांना ते मान्यच नव्हतं, त्यावरून घरात रोज आरडाओरडा. "मला समदं दिसतंय. डॉक्टरला काय कळतंय गाडीतलं?" त्यात येत्या गुरुवारी आईला जीपमध्ये घेऊन म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला जायचं, आणि गाडी स्वतःच चालवायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मी जीपची किल्ली माझ्या कपाटात ठेवली. तर म्हणाले, दुसरी करून घेतो... आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. भाजी हवी असली तरी निरोप आईमार्फत. मला ते फार लागलं होतं, आणि गुरुवारची भीती होती ती वेगळीच.

तर रविवारी मी गेम खेळत होते, आबा सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते. एका उतारावर माझी तीन खोकी धडाधड खाली पडली. आबांना राहवलं नाही. "आगं, उताराला गिअर खाली घ्यावा! नुसती ब्रेकवर काय चालवतीस?"

तीन आठवड्यांतलं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य! मी लगेच कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? गाडीतनं उतरायचं कसं! मला वाटलं, कंटाळले. पण नाही... "गाडीला चक्कर मारल्याबिगर सुरू करायची न्हाई." फौजेतली शिस्त. टायर बघायचे, खाली तेल सांडलंय का बघायचं, मगच किल्ली फिरवायची.

मग काय, गेममधला तो टोपीवाला ड्रायव्हर प्रत्येक पार्सलाआधी उतरून टेम्पोभोवती फिरायला लागला. "टायर बरं हायती," असं आबा मला गंभीरपणे कळवायचे. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

पण चालवलं मात्र असं की बघत राहावं. अंगठे आधी जरा अडखळले, नंतर हात बसला. प्रत्येक वळणावर हॉर्न, चढाला वर येणाऱ्या गाडीला आधी वाट. मागे अंड्यांची पेटी होती, ती जागची हलली नाही... मला इतका अभिमान वाटला ना त्यांचा!

बारावं पार्सल एका आजीचं होतं. बेटाला वळसा घालणारा एकेरी रस्ता आहे, त्याच्या डाव्या कडेला ती उभी असते आणि टेम्पो दिसला की हात करते. आबा तिच्यासमोरून सरळ निघून गेले.

पुन्हा पूर्ण वळसा घालून आले... पुन्हा निघून गेले. तिसऱ्यांदाही तेच. "कुठाय म्हातारी? पत्ताच चुकीचा दिलाय ह्यांनी."

डावीकडे बघा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण माझ्याच्यानं म्हणवेना.

चौथ्या वळशाला टेम्पो तिच्याजवळ येत होता, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नाही. टीव्हीकडे बघून ती सहज म्हणाली, "आवं, ती काय बाई. कवाधरनं हात करतीया की तुमाला."

आबांनी टेम्पो थांबवला. मान पूर्ण डावीकडे वळवली, आणि मग त्यांना ती दिसली. बराच वेळ ते नुसते बघत राहिले.

"ही मघापासनं हितंच हुती?"

"हो आबा. तिन्ही वेळा."

त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं, आजीला पार्सल दिलं. आजी नेहमीसारखीच हसली, तिला कशाचा राग नव्हता. आबांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "माणूस हुतं की गं रस्त्याला..."

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "किल्ली ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. बेस्तरवारी म्हसवडला तू चालव. मी बाजूला बसतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

हा गेम ज्यांनी केला, त्यांना आमच्या घराबद्दल कधी कळणार नाही. तरी मनापासून आभार. त्या बेटावर आबा तीनदा चुकले आणि तीनही वेळा कुणी त्यांच्यावर ओरडलं नाही, म्हणून त्यांना स्वतःची चूक शांतपणे बघता आली... घरात आम्ही मात्र चार महिने ओरडतच होतो.