गिरणीपाशी थांबवा

काल शेअर रिक्षात माझ्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "दादा, गिरणीपाशी थांबवा." मी चमकलोच. आमच्या उपनगरात ती पिठाची गिरणी आता नाहीच. मी नगररचना खात्यात असताना रस्ता रुंद करायला ती पाडली. नकाशावर तिच्यावरून लाल रेघ मीच ओढली होती. तरी रिक्षा नेमकी तिथेच थांबली!

बाई उतरत होत्या तेवढ्यात मी रिक्षावाल्याला विचारलं, "तुम्ही पाहिलीय ती गिरणी?"

"नाही हो काका. मी गेल्या वर्षी लातूरहून आलो. पण सगळे गिरणीच म्हणतात ना!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! नोकरी सोडून कथा लिहायला बसलो, तेव्हापासून एकच धाकधूक होती. ज्यांनी हे जुनं उपनगर पाहिलंच नाही, त्यांना ते माझ्या शब्दांतून कसं दिसणार? आणि इथे हा लातूरचा माणूस, कधीच न पाहिलेल्या गिरणीच्या दारात दिवसातून कितीदा तरी रिक्षा उभी करतोय! आमच्या खात्याने तिथल्या चौकाला दिलेलं नाव निळ्या पाटीवर आहे. ते कुणाच्या तोंडी नाही.

माझं घर पुढे होतं, तरी मीही उतरलो. पूर्वी दळण घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक जण पायरीवर थांबून बाह्या झटकायचा. त्या पायरीच्या जागी आता डांबर आहे. मी त्यावर उभा राहिलो आणि दोन्ही बाह्या झटकल्या.

शेजारी त्या बाईही पदर झटकत होत्या.