आळणी आमटीचा प्रयोग

आमच्या घरच्या आमटीत मीठ बरोबर होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचा मिठाशी संबंध नाही.

आई गेल्यावरही अप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्याच घासाला म्हणायचे, "आळणी हाय." पण आता भाकरी अर्धी टाकून उठायचे. माझी बायको सुनंदा मीठ वाढवत गेली, आम्ही बाकीचे पाणी पीत गेलो. अप्पांचा सदरा मात्र त्यांना दिवसेंदिवस मोठा होत चालला.

मी पाटोद्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. आमच्या वर्तनवादात माणसाचं मन उकरत बसत नाहीत. तो काय करतो, कधी करतो आणि त्यातून त्याला काय मिळतं, एवढंच पाहतात. जो खुलासा कामी येतो, तो खरा. (पहिल्या वर्षाच्या मुलांना हे फार आवडतं. पाठ करायला कमी असतं.)

"अप्पांनी तक्रार केली की सगळं घर त्यांच्याभोवती गोळा होतं," मी सुनंदाला समजावलं. "त्यांना तेच हवंय. आपण लक्ष द्यायचं नाही. तक्रार थांबेल, जेवण वाढेल."

"म्हातारं माणूस हाय ते. तुमच्या प्रयोगातला उंदीर न्हाई."

"उंदीर ऐकतो तरी."

केजहून आलेली माझी बहीण माझ्याही पुढे गेली. अप्पा "आळणी" म्हणाले की ती पंख्याकडे बघायची. गप्प जेवले की म्हणायची, "शाबास अप्पा, लई छान जेवलात." चुकून भलत्याच लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे अप्पा तिच्याकडे बघायचे.

आठवडाभरात तक्रार थांबली. बोलणंही थांबलं. भाकरी अर्धीच राहत होती, पण स्टाफरूममध्ये मी यश जाहीर करून आलो होतो.

मग एका दुपारी सुनंदा आमटीत मीठ घालायलाच विसरली. पहिल्या घासाला आम्ही सगळे थांबलो. अप्पा थांबले नाहीत. मान खाली घालून ते ती आमटी ओरपत राहिले. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला होता. बहीण पंख्याकडे बघत होती, पण आता नियम म्हणून नाही.

शेवटी मी म्हणालो, "आमटी आळणी हाय."

अप्पांनी मान वर केली. "मग जिभंवर मिठाचा खडा ठेव, अन् जेव."

हे वाक्य आईचं होतं. अप्पांनी आळणी म्हणायचं आणि तिने चुलीपासून हे परतवायचं. जेवताना दोघं जन्मभर एवढंच बोलले. आई गेल्यावर अप्पा पहिल्या घासाला मीठ मागत नव्हते. उत्तरासाठी थांबत होते.

त्या दुपारी त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

आता आमटीत मीठ बरोबर असतं. तरी रोज पहिल्या घासाला मी "आळणी हाय" म्हणतो, अप्पा आईचं उत्तर देतात आणि जेवतात. परवा चौसाळ्याचे पाहुणे पंगतीला होते. त्यांनी अप्पांना हळूच विचारलं, "प्राध्यापकांना चव कळत न्हाई का?"

"ल्हानपणापासनं न्हाई," अप्पा म्हणाले.

मी मान डोलावली. कामी येतंय, म्हणजे खरं असणार.