शेंदराखालचा राखणबुवा

ज्या सकाळी मी देव सोलला, ती सकाळ अजून लख्ख आठवते. दिवाळीला चार दिवस होते. गुरं रानात गेली होती, माणसं कापूस वेचायला. मी सव्वीस वर्षांचा, गावच्या शाळेत सातवी शिकलेला, आणि नागपूरहून आलेल्या एका वकीलसाहेबांपुढं हुशारी दाखवायला उतावीळ. साहेबांना जुने कोरीव दगड जमवायचा नाद होता. आमच्या शिवेवर राखणबुवा होता, गुराख्यांचा देव. "शेंदराखाली काही कोरलेलं असेल का रे?" असं त्यांनी विचारलं आणि मी विळ्याचं टोक लावलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, बोटभर जाड. एका बाजूनं चीर गेली आणि अख्खी खोळ, डोळ्यांसकट, माझ्या हातात आली.

खाली कोरलेला गुराखी होता. तळाशी तीन गाई आणि घोडेस्वारांवर काठी उगारलेला तो. मधे त्याला वर नेणाऱ्या दोन बायका. माथ्यावर चंद्र-सूर्य. साहेबांनी हात जोडले नाहीत, टाळी वाजवली. दुपारच्या आत दगड खणून जीपमध्ये चढवला. खोळ मी खड्ड्याच्या काठावर ठेवून दिली, कारण तिचं काय करावं ते मला कळेना. महिन्याभरात साहेबांच्या कचेरीत मला कारकुनी मिळाली. वडील गावाची गुरं राखायचे. त्यानंतर ते मरेपर्यंत माझ्या घरी पाणी प्यायलाही आले नाहीत.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. आता मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. साहेब गेले. त्यांचा मुलगा नागपुरात सदर भागातल्या बंगल्याच्या बागेत नवं बांधकाम काढतोय. दसऱ्याला भेटलो तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमच्या गावचा दगड नेता का? नाहीतर पायाभरणीत जाईल." पाया देवदिवाळीनंतर खणायचा होता. दगड न्यायचा तर आधी गावाला विचारायला हवं. म्हणून आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी मी एस.टी.त बसलो.

या भागात कोणाला जायचं असेल तर नागपूरहून अमरावतीची पहिली गाडी धरावी. सहा रुपयांच्या आत कारंज्याला पोचता येतं. डाव्या खिडकीशी बसू नये, उन्हानं डोकं उठतं. कोंढाळीला गाडी थांबते. तिथं चहा बरा, भजी कालची. कोंढाळी सोडली की रस्ता टेकड्यांत शिरतो. या टेकड्यांना शेंडा नाही, वरून कापल्यासारख्या सपाट. उतारावर साग, मधूनमधून पळस आणि सगळीकडं गवत. कार्तिकात ते पिवळं पडायला लागतं आणि वारा आला की अख्खी टेकडी अंग झाडल्यासारखी दिसते. पाहायला सुंदर आहे. मी पाहत होतो आणि मला काही वाटत नव्हतं.

हा गवळाऊ गाईंचा मुलूख. पांढऱ्या, लांब तोंडाच्या, हलक्या पायाच्या. मराठ्यांच्या फौजा डोंगरातून सामान न्यायला याच जातीचे बैल घेत, असं सांगतात. अशी जनावरं जिथं, तिथं ती पळवणारेही येणारच. पेंढारी इथून घोडे फेकत जायचे आणि शिवेवर काठी घेऊन उभा असायचा तो गुराखी. मेला तर गाव दगड कोरून उभा करी. राजांच्या बखरी झाल्या. या माणसांचा एवढाच कागद, आणि त्यातला आमच्या गावचा मी नेला.

कारंज्यापासून आमचं गाव दोन कोस. बैलगाडी मिळाली तर मिळाली. पाणी बरोबर घ्यावं आणि पायात बूट असावेत, कुसळं चपलेतून शिरतात. मुक्काम मारुतीच्या देवळात करता येतो, पण आधी विचारावं. विचारायचं असतं, हे मी उशिरा शिकलो.

गावात शिरलो तेव्हा गायगोधनाची, म्हणजे पाडव्याच्या गाईपूजेची, तयारी चालली होती. गाईंची शिंगं गेरूनं रंगवलेली, अंगावर हळदीचे पंजे, गळ्यात झेंडूच्या माळा. काही गोऱ्ह्यांच्या मांडीवर डागण्या होत्या, प्रत्येक घराची खूण वेगळी, कुणाची चंद्रकोर, कुणाचा त्रिशूळ. या मुलुखातली चित्रकला कातड्यावर आणि दगडावर. कागदावर कधी आलीच नाही.

विहिरीवरच्या एका म्हातारीनं मला ओळखलं.

"नागपूरचे पाव्हणे! आता काय न्याले आले जी? मारुती रायला अजून."

बायका हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला.

वडिलांच्या जोडीनं गुरं राखणारा सोनबा अजून होता. सत्तरी ओलांडलेला, पण काठी न टेकता चालणारा. मला पाहून त्यानं कपाळाला आठी घातली नाही, हातातलं काम मात्र थांबवलं नाही. तो मोरपिसं बांधत होता.

"काहून आला गा?"

"सोनबाकाका, राखणबुवा परत आणतो म्हणतो. तुमी हो म्हणा फक्त."

"परत? तो गेला कवा?"

मला वाटलं, म्हातारा विसरला. तो उठला. "चाल," म्हणाला.

शिवेवरच्या लिंबाखाली, जुन्या जागी, राखणबुवा बसला होता. तेच वटारलेले डोळे, तोच शेंदूर. जवळ गेल्यावर दिसलं. नाल्यातला एक ओबडधोबड दगड आणि त्यावर घट्ट बसवलेली ती खोळ. कडेच्या सांध्यावर नवा शेंदूर लिंपून लिंपून आता सांधाही उरला नव्हता.

"तू खोळ ठेवून गेला ना, त्याच सांजेले तुह्या बापानं दगड आणला. तेल-शेंदूर कालवून बसवला रातभर. म्हणे, पोरगं दगड घेऊन गेलं, देव नाही नेला त्यानं."

"बाबांनी?"

"तं कोणं? पन तुह्यावर राग होता त्याचा. तो निराळा."

गुरं आली. वाटेत शेणाचा गोवर्धन घातला होता. गाई त्यावरून गेल्या, डफ वाजला, गुरं राखणारे गोवारी घुंगरू बांधून नाचले, मोरपिसं बांधलेली उंच काठी, तिला ढाल म्हणतात, ती लिंबाला टेकवली. सगळे त्या खोळीपुढं वाकले. मीही वाकलो. बावीस वर्षं रोज पहाटे पोथी वाचून मी त्या सदरच्या बागेतल्या दगडाची क्षमा मागत होतो. क्षमा ज्याची मागायची तो इथं होता आणि त्याला घडवणारा माणूस गेला होता.

रात्री सोनबाच्या ओसरीवर ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि गाईचं ताक मिळालं. पैसे विचारले तर त्याच्या सुनेनं ताट ओढून घेतलं असतं, म्हणून विचारले नाहीत. सोनबाला मी कोरलेल्या गुराख्याचं सगळं सांगितलं, घोडेस्वार, गाई, चंद्र-सूर्य. त्यानं तो एकदाही पाहिला नव्हता. त्याच्या जन्माआधीच तो शेंदरात बुडाला होता.

"चांगला असंल," तो म्हणाला. "पन देवाच्या जागी आता देव हाये. दोन कायले?"

"मग मी त्याचं काय करू?"

त्यानं विडी पेटवली. "तळ्यावर गुरांले आंग घासाले दगड नाही. जुना फुटला. उभा दगड पाह्यजे, छातीइतका. हाये तेवढा?"

मी रागानं उठलो. "काका, दोनशे वर्षांची कोरणी आहे. गाई घासून घासून पुसून टाकतील."

"मंग? गाईसाठीच मेला ना तो?"

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी उजवीकडं बसलो आणि टेकड्यांकडं पाहिलं नाही. तो दगड माझ्याच अंगणात ठेवावा, असं घर येईपर्यंत ठरत आलं होतं. बायकोला, यमुनेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे आता साहेबाऐवजी तुम्ही," एवढंच बोलली.

आठ दिवस मी त्या वाक्याशी भांडलो. मग संत्र्यांच्या मार्केटात गेलो. कारंज्याकडून संत्री घेऊन येणारे ट्रक परत रिकामे जातात, मोठं सामान न्यायला तेच बरे. सदरच्या बागेतून चौघांनी दगड चढवला. ड्रायव्हर म्हणाला, "मूर्ती है क्या भाऊ? अगरबत्ती लगा दूँ?" मी नको म्हटलं.

तळ्याच्या काठी खड्डा सोनबानं खणूनच ठेवला होता. दगड उभा केला. माती दाबली. मी हळद-कुंकू नेलं होतं, ते पिशवीतच राहू दिलं. थोड्या वेळानं एक पांढरी कालवड पाणी पिऊन वर आली, दगड हुंगला, आणि काठी उगारलेल्या त्या हातावर मान घासू लागली.

मी शेवटच्या एस.टी.नं घरी आलो.