शेगडीचा गुण

माझं माहेर रोह्याचं. आईचे गुडघे धरलेले, म्हणून बाळंतपण सासरीच, धरमतरच्या खाडीकाठी झालं. म्हणजे पोरगी झाली पेणच्या दवाखान्यात, सिझेरियननं. पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल दिली होती. घरी आल्यावर मात्र सासूबाईंनी माझा ताबा घेतला.

आले ती डोकं धरूनच. बसलं की मानेपासून कपाळापर्यंत असं ठणकायचं की पोरीला मांडीवर घेणं जमेना. पाजायचं ते झोपूनच. आपलं लेकरू धड मांडीवर घेऊन बघायचंही आपल्या नशिबात नाही, या विचारानं मला रडू यायचं.

सासूबाई म्हणाल्या, "वारं शिरलंय गो डोक्यात." त्यांनी माझे कान फडक्यानं आवळून बांधले, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, वर ओवा टाकला. मी बाजेवर पडले आणि खरंच, थोड्या वेळात ठणका उतरला. उठले की पुन्हा ठणका, मग पुन्हा शेगडी. धुरानं माझे डोळे चुरचुरायचे आणि सासूबाई शेजारणींना शेगडीचा गुण सांगत सुटायच्या.

एका दुपारी कोळसा संपला. मी तशीच बाजेवर लवंडले, तरी डोकं दुखायचं थांबलं! इतका धूर फुकट खाल्ला म्हणून मी भयंकर चिडले.

टाके दाखवायला पेणला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. शेगडी असो नसो, आडवं झालं की दुखायचं थांबतं. त्यांनी लगेच ओळखलं. भुलीच्या सुईचं भोक बुजलं नव्हतं, मणक्यातलं पाणी झिरपत होतं. दंडातलं माझंच रक्त काढून पाठीत त्या जागी सोडलं की ते गोठून भोक बुजेल, म्हणाल्या.

सासूबाईंचा जन्म मिठागरात गेलेला. त्यांना हे तेव्हाच पटलं.

"बांध फुटलाय म्हना की. मंग बुजवा! माती बी तिचीच हाय."

भुलीच्या डॉक्टरांनी तो बुजवला. मी बराच वेळ उताणी पडून राहिले, मग भीत भीत उठून बसले. डोकं शांत होतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

"बगितलंस? शेगडीनंच सापडलं का नाय?" सासूबाईंनी विचारलं आणि पोरगी माझ्या मांडीवर ठेवली. माझ्या ओठांवर उलट उत्तर आलं होतं. पण मी पहिल्यांदाच पोरीकडे नीट वरून पाहिलं. हनुवटी थेट सासूबाईंची होती. मी म्हटलं, "व्हय."