आईच्या खोलीतली भेग

भूकंपात किल्लारीजवळच्या आमच्या गावातलं दगडमातीचं घर पडलं आणि माझी धाकटी बहीण भिंतीखाली गेली. तेव्हापासून आई स्लॅबखाली झोपली नाही. पुनर्वसनात मिळालेल्या पक्क्या घरात तिनं ज्वारीची पोती रचली आणि स्वतः शेजारी पत्र्याचं शेड ठोकून त्यात राहिली.

पुढं मी लातूरला घर बांधलं. आई आत झोपावी, एवढीच हौस होती. बँकेनं कर्जाबरोबर घराचा विमाही गळ्यात मारला, पण मी तो खुशीनं घेतला, कारण त्यात भूकंप होता. कागद आईला वाचून दाखवला. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे. माझ्या तोंडाकडं बघून ती आत झोपायला लागली.

दुसऱ्याच उन्हाळ्यात काळ्या मातीनं रंग दाखवला. पावसात फुगायचं आणि उन्हात फाटायचं, हा तिचा धर्मच. घराच्या पायातून ती उपसून मुरूम भरायला हवा होता. तिथं ठेकेदारानं हात आखडला. आईच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत भेग गेली. तिनं बाज उचलली आणि अंगणात गाडी लावायच्या पत्र्याखाली नेऊन टाकली.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. भेगेत पट्टी घालून बघितली, फोटो काढले, चहा घेतला.

"आग, वीज, वादळ, पूर, सगळं आहे तुमच्या पॉलिसीत," तो म्हणाला. "पण नवं बांधकाम खचून भेगा पडल्या, पायाच कच्चा निघाला, तर काही मिळत नाही. हीच भिंत भूकंपानं गेली असती ना, तर प्रश्नच नव्हता."

आई दारात उभी होती. "म्हंजी भुकंप यावा म्हणून नवस बोलू का रं बाबा?"

तो हसला. म्हातारीनं गंमत केली असं वाटलं त्याला. त्याच्या हातातला कप हिसकावून घ्यावा इतका मला संताप आला. घेतला नाही. आपण भले लोक.

भेग मी भरून घेतली, वरून रंग दिला. आईनं उंबऱ्यातूनच बघितलं. "झाकलीस व्हय," म्हणाली आणि बाहेर गेली.

परवा दुपारी जमिनीतून गुरगुर आली, मांडणीवरची भांडी वाजली. आम्ही सगळे धावत बाहेर पडलो. आई पत्र्याखाली बाजेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. चेहरा पांढराफटक.

"लाव त्या साहेबाला फोन," ती म्हणाली. "म्हणावं, आला."