शेपटीतली रांग

भिंतीवर ठोके मारून बोलायची पद्धत आमच्या घरात वन्संनी आणली. स्वयंपाकघराची आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच. चहा झाला की मी पळीच्या दांड्याने एक ठोका मारायची. पलीकडून दोन आले की समजायचं, येतायत. तीन आले तर आज काही नको. लग्न होऊन आले तेव्हा मला हा पोरखेळ वाटला होता. ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, ताई दिवसभर कारखान्यात हेच करते, तोंड उघडायची सवयच गेली तिची.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. विमानाच्या कारखान्यात रिव्हेटच्या कामावर होत्या. विमानाचा पत्रा आतल्या सांगाड्याला रिव्हेटने जोडतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एक जण बाहेरून हवेच्या गनने रिव्हेटचं डोकं हाणतो. दुसरा आतून पोलादी ठोकळा रिव्हेटच्या मागच्या टोकाला टेकवून दाबून धरतो, म्हणजे ते टोक चेपून बसतं. मधे पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि आवाज असा की हाक मारून उपयोग नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्यानेच पत्र्यावर सांगतो. एक ठोका, अजून मार. दोन, बसला, पुढे चल. तीन, वाकडा गेला, काढून टाक.

वन्सं आतल्या. बाहेरचे मामा. ते कोणाचेच मामा नव्हते, पण अख्खी शेड त्यांना मामा म्हणायची. आणि वन्संना म्हणायची पाचर, कारण अंगाने एवढ्याशा, जिथे कोणी शिरत नाही तिथे यांना सारायचं. मामा कधी घरी आले की म्हणायचे, बायकोशी बोललो नसेन तेवढं पाचरीशी बोललोय, आणि एकदाही भांडण नाही. वन्सं म्हणायच्या, मधे पत्रा आहे म्हणून.

लग्न त्यांनी केलं नाही. तो विषय घरात निघायचा आणि आपोआप मिटायचा. कारखान्यात पुष्कळ वर्षं त्यांनी दारं केली. बाहेरच्या देशांतल्या मोठ्या प्रवासी विमानांची दारं. झालेलं दार खोक्यात घालून रवाना व्हायचं आणि कुठल्या विमानाला लागलं ते कधी कळायचं नाही. एकदा माझ्या भावाला सोडायला आम्ही सगळे विमानतळावर गेलो होतो. तो आत गेल्यावर वन्सं काचेपाशी उभ्या राहून एकेका विमानाचं दार बघत होत्या. ह्यांनी विचारलं, ताई, यातलं तुझं कुठलं? त्या म्हणाल्या, असेल एखादं, ते काय मला ओळख देणार आहे.

मग आपलं स्वतःचं मोठं प्रवासी विमान करायचं ठरलं आणि वन्सं त्या कामावर गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे जेवताना रोज तोच वाद. टीव्हीवर चार माणसं बसून सांगायची, जमेल. दुसरी चार सांगायची, जमणार नाही, ज्यांना जमलं त्यांनाही जन्म गेला. हे दुसऱ्या चौघांच्या बाजूचे. हे म्हणायचे, इंजिन बाहेरचं, चाकं बाहेरची, आतलं सगळं यंत्र बाहेरचं, मग आपलं काय, रंग?

वन्सं घास गिळून म्हणायच्या, रिव्हेट.

हे हसायचे. वन्सं हसायच्या नाहीत, पण रागावतही नव्हत्या. एवढं मात्र मला दिसत होतं की या कामासाठी त्या पहाटे उठून माझ्याआधी आंघोळ करून तयार असायच्या. दारांच्या काळात त्यांना उठवावं लागायचं. शेपटीच्या टोकाकडचा भाग त्यांच्याकडे होता, कारण तिथे आत दुसरं कोणी मावत नव्हतं. मी रोज संध्याकाळी जपाला बसते. त्यात एक माळ विमानासाठी धरायला लागले. वन्संना कळलं तेव्हा म्हणाल्या, देवाला सांग, इंजिनाचं तेवढं बघ. रिव्हेटचं मी बघते.

त्यांच्या बोटांचं मला आधी कळलं, त्यांना कळलं होतं की नाही ते सांगता येत नाही. थंडीत त्यांची बोटं पेरापेरापर्यंत पांढरी पडायची, मेणबत्तीसारखी. मग एके दिवशी त्या भाजी चिरायला बसल्या आणि मला विळीवर रक्त दिसलं. मी म्हटलं, वन्सं, हात. त्यांनी खाली बघितलं, आणि दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा पदराने पुसला. नंतर एकदा विस्तवावरचं पातेलं त्यांनी फडक्याशिवाय उचलून खाली ठेवलं. घाई केली ती आमटी उतू जाईल म्हणून, चटका त्यांना कळलाच नाही.

मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ठोकळा धरून धरून होतं असं. हातात तो दिवसभर थडथडतो ना. मामांचा एक कान गेलाय, माझी बोटं. सुटीत बरी होतात. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, याला सांगू नकोस. डॉक्टरकडे पाठवेल, आणि डॉक्टर कामावरून काढेल. शेपटी होऊ दे.

मी ह्यांना सांगितलं नाही. देवाला सांगितलं. सकाळी त्यांच्या कामाच्या शर्टाच्या बाहीची बटणं मी लावून द्यायला लागले. त्या हात पुढे करून उभ्या राहायच्या आणि खिडकीतून बाहेर बघायच्या.

असे बरेच महिने गेले. विमान बघायला सरकारी पाहुणे येणार असं ठरलं आणि शेडमध्ये घाई सुरू झाली. एका संध्याकाळी वन्सं घरी आल्या आणि म्हणाल्या, आज शेवटची रांग झाली. आवाजात आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं, सांगायचं म्हणून सांगितलं. हे म्हणाले, चला, आता रंग द्या. मी जपाला बसले होते, डोळे मिटून. वन्सं चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या, कधी बसत नाहीत तशा.

माळ संपली तशी त्यांनी विचारलं, डोळे मिटलेले असतात, मग माळ संपली हे कसं कळतं तुला?

मी म्हटलं, शेवटी मोठा मणी येतो ना. बोटाला लागतो.

त्यांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. मी माळ दिली. त्यांनी डोळे मिटले आणि एकेक मणी अंगठ्याने ओढायला लागल्या. मी बघत होते. मोठा मणी आला आणि बोटावरून पुढे गेला. त्या थांबल्या नाहीत. माळ फिरली, तो परत आला, परत गेला. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, आला का?

मी म्हटलं, दोनदा येऊन गेला.

त्यांनी डोळे उघडले. माळ माझ्या ओंजळीत ठेवली. चहावर साय धरली. मग मला सांगायला लागल्या, तेही असं, की जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतायत. ती शेवटची रांग सांगाड्याच्या पट्टीमागे आहे. तिथे डोळा पोचत नाही, आरसाही जात नाही. हात वळवून मागे घालायचा आणि बोटाने बघायचं, टोक सपाट बसलंय का, कललंय का, कडेला चीर आहे का. तिथे दुसऱ्या कोणाचा हात जात नाही, म्हणून आतला जे सांगेल तेच धरतात. त्या आज सकाळपासून प्रत्येकाला दोन ठोके देत आल्या होत्या.

मी म्हटलं, बसलेही असतील सगळे.

असतील, म्हणाल्या.

मग उठल्या आणि त्यांच्या खोलीत गेल्या. मी भांडी घासायला घेतली. भिंतीवर तीन ठोके आले. मला वाटलं, जेवायला नको म्हणतायत. जेवायच्या वेळी मात्र त्या येऊन बसल्या, नेहमीएवढं जेवल्या.

पुढचं मला मामांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन वन्संनी तपासणीच्या साहेबांना सांगितलं की ती रांग काढा, माझ्या बोटांना लागत नाही. किती दिवसांपासून लागत नाही, तेही सांगितलं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ते सरळ वरच्या साहेबांकडे गेले. पूर्ण रांग ड्रिलने काढली. त्याआधीच्या पुष्कळ रांगाही परत तपासल्या. पाहुण्यांचं येणं पुढे गेलं. वन्संना डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरने थडथडणाऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही असं लिहून दिलं. शेपटीत कारखान्याने दुसरी बारीक चणीची बाई घातली. वन्संना स्टोअरच्या खिडकीत बसवलं, हत्यारं द्यायला आणि घ्यायला.

मामा आमच्याकडे आले ते त्याच आठवड्यात. चांगला कान वन्संकडे करून बसले. म्हणाले, पाचर, काढले तेव्हा बघितलं मी. चार-दोन कललेले होते. बाकीचे सगळे चांगले होते गं.

वन्सं म्हणाल्या, कोणते चांगले ते मला माहीत नव्हतं, मामा.

मी चहा केला. मामा जाताना दारात म्हणाले, ती नवी चांगली आहे, पण ठोके फार हळू मारते. माझा कान असा, मला परत परत विचारायला लागतं. वन्सं म्हणाल्या, सांगा तिला जोरात मारायला. मामा म्हणाले, सांगितलं. आणि गेले.

वर्तमानपत्रात आलं की आपलं विमान पुन्हा लांबलं. हे सकाळी मोठ्याने वाचत होते, नेहमीप्रमाणे. कामगारांच्या हलगर्जीपणामुळे, इथपर्यंत वाचलं आणि थांबले. मग पान उलटून हवामान वाचलं. त्या दिवसापासून ह्यांनी जेवताना टीव्ही लावणं बंद केलं.

वन्सं स्टोअरमध्ये जात राहिल्या. पुन्हा उठवावं लागायला लागलं. रडल्या नाहीत, कुरकुर नाही, देवाला दोष नाही. मी बटणं लावायची, त्या खिडकीतून बघायच्या. मी मनात म्हणायची, देवा, एकदा रडू दे यांना. मग वाटायचं, हे काय मागणं झालं.

विमानाचा सांगाडा पुरा झाला तेव्हा कारखान्याने घरच्या माणसांना बघायला बोलावलं. इंजिनं अजून आलेली नव्हती, त्यांच्या जागी नुसते गोल खळगे, वरून कापड बांधलेलं. शेड एवढी उंच की आमचं बोलणं वर जाऊन परत खाली यायचं. मुलं धावत होती. आमच्या खालच्या मजल्यावरचे शिंपी, त्यांचा मुलगा तिथेच काम करतो, ते ह्यांना म्हणाले, काय हो, तुम्हाला काय वाटतं, होणार का आपलं विमान?

मला वाटलं, आता हे इंजिनाचं काढणार. हे म्हणाले, ताईला विचारा, तिला माहीत.

शिंप्यांनी वन्संकडे बघितलं. वन्सं म्हणाल्या, शेपटी झाली.

शिंपी हसले. त्यांना वाटलं, चेष्टा केली.

मग वन्सं मला घेऊन मागच्या बाजूला गेल्या. दोरी बांधली होती, ती उचलून आम्ही आत गेलो. तिथे एक रुंद शिडी होती, त्यावर आम्ही दोघी चढलो आणि त्यांनी पत्र्यावर त्या शेवटच्या रांगेची जागा शोधली. त्यांना शोधावी लागली. इतकी वर्षं त्या पत्र्याच्या आतल्या बाजूला होत्या, बाहेरून ती जागा त्यांनी नीट बघितलीच नव्हती. मोजत मोजत आल्या आणि थांबल्या. मग स्वतःची बोटं त्यावरून फिरवली. फिरवताना चेहऱ्याकडे बघून कळत होतं, काही लागत नाहीये.

त्यांनी माझा उजवा हात धरला आणि रांगेच्या टोकाशी ठेवला. हात गार होता त्यांचा. म्हणाल्या, माळ ओढतेस तशी जा. कुठे अडतंय का सांग.

मी डोळे मिटले. पत्रा थंड होता. बोटाखालून एकेक गोल सरकत गेला, पाण्याने झिजलेल्या दगडासारखा, आणि त्यातला कुठलाच दुसऱ्याहून मोठा लागला नाही. शेवटी शिडीवरून हात पुरेना तिथे थांबले.

नाही अडत, मी म्हटलं.

परत जा.

परत गेले. उलट्या बाजूने आले.

नाही वन्सं. कुठेच नाही.

बाहेरून कळतं तेवढंच, त्या म्हणाल्या. मग मुठीने पत्र्यावर दोन ठोके मारले. आत कोणी नव्हतं. आवाज शेपटीतून पुढे पुढे गेला आणि विरला.

दोरीपाशी रखवालदार आला. म्हणाला, बाई, हात लावायचा नाही, खाली या. वन्सं बरं म्हणाल्या. आधी त्या उतरल्या, मग मी, आणि आम्ही ह्यांना शोधायला गर्दीत शिरलो.