बांड्याचे आबाजी

"आंधी त्याले इचारा," असं म्हणून आबाजी बैलाच्या पाठीवर हात ठेवायचे. फोटो काढू का? आंधी त्याले इचारा. गोठ्यात येऊ का? आंधी त्याले इचारा. आपण मुकाट्यानं बैलाला विचारायचं, बैल कान हलवायचा आणि आबाजी त्याचा निकाल सांगायचे. निकाल नेहमी आबाजींच्याच मनासारखा लागायचा, हे तुमच्यासारखंच माझ्याही लगेच ध्यानात आलं होतं. पण बोलायची सोय नव्हती.

मी अमरावतीचा, लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस. पुण्याच्या एका मॅडमना बैलाच्या आयुष्यावर माहितीपट करायचा होता, त्यांनी कॅमेऱ्यासाठी मला घेतलं. म्हटलं, बरं झालं बाप्पा, बैल काही अल्बमवरून भांडणार नाही. रिद्धपूरच्या अलीकडच्या एका गावात आम्हाला आबाजी सापडले आणि त्यांचा बांड्या सापडला. पांढऱ्या अंगावर तांबडे चट्टे, एक शिंग खाली वाकलेलं, आणि चेहरा असा की गावातल्या सगळ्या भानगडी याला ठाऊक असाव्यात.

बांड्या म्हातारा झाला होता. त्याचा जोडीदार आधीच गेला होता आणि वावरात आता ट्रॅक्टर चालायचा. तरी आबाजी रोज सकाळी त्याला वावरात न्यायचे आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली बांधायचे.

"काम नाही तर काहून नेता, आबाजी?" मी एकदा विचारलं.

"घरी करमत नाई त्याले. ट्रॅक्टरवाला बराबर करून राहिला का नाई, थे पाहाले पायजे ना कोनी!"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. हे आम्हाला चित्रित करायचंच होतं. आबाजींनी पळसाच्या पानानं बांड्याचा खांदा चोळला, हात जोडले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नेमकी तेव्हाच मागून कोणाची तरी मोटरसायकल फडफडत गेली. आवाज बिघडला.

"आबाजी, पुन्हा एकदा म्हणता का?" मॅडमनी विचारलं.

आबाजींनी पळसाचं पान खाली ठेवलं. "म्हणतो. पण मंग दोनदा जेवाले घालावं लागन. आवतन काई खोटं देत नसते."

मॅडम हसल्या, आम्हीही हसलो. आबाजींनी पुन्हा म्हटलं, आम्ही पुन्हा चित्रित केलं. पोळा झाला, बांड्याला पुरणपोळी मिळाली, आम्ही सामान आवरायला घेतलं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजींचा फोन. "कुठी हा? बांड्याचं दुसरं जेवन हाय, या लवकर!"

जाऊन पाहतो तर काय, चुलीवर पुन्हा पुरण. घरात बाईमाणूस नव्हतं, आबाजींची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. पुरण त्यांनीच शिजवलं होतं, जरासं करपलंही होतं. बांड्यानं तक्रार केली नाही. मग आम्हालाही पाटावर बसवलं. मॅडम पोळी खाता खाता डोळे पुसत होत्या आणि धूर लागला म्हणत होत्या. त्यानंतर त्या घरात कोणी 'पुन्हा एकदा' म्हटलं नाही. मी तर पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या नवरीलाही आता म्हणत नाही. एवढं मोठं शिक्षण मला करपलेल्या पुरणाबरोबर मिळालं, त्याचे उपकार मी कसे विसरीन?

एकच गोष्ट आबाजींना खात होती. ती त्यांनी कॅमेऱ्यासमोर सरळ सांगितली. "हा माह्याआंधी गेला पायजे. माह्या हातानं माह्याच वावरात पुरीन मी याले. मी आंधी गेलो, त याले बाजारात नेतीन." म्हातारा बैल बाजारातून पुढं कुठं जातो, हे तिथं कोणी विचारत नाही. बांड्या वैरण चघळत होता.

माहितीपट तयार झाला. पहिल्यांदा आबाजींच्याच गावात दाखवला, शाळेच्या भिंतीवर. आबाजींनी बांड्याला पुढच्या रांगेत आणून बांधलं आणि मागचे लोक ओरडले, "आबाजी, बैल बाजूले घ्या ना, काई दिसत नाई!" मग तो आजूबाजूच्या गावांत दाखवला, लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवला. बांड्याचं वाकडं शिंग परतवाड्यापर्यंत पोचलं.

आणि हिवाळ्यात, तूर कापायच्या दिवसांत, आबाजीच गेले. साधा ताप म्हणून अमरावतीला आणलं होतं. मी दवाखान्यात भेटलो तेव्हा त्यांनी फक्त "त्याले पानी पाजलं का?" एवढंच विचारलं. मला रडू आवरेना.

त्यांचा मुलगा अकोल्याला कंपनीत नोकरीला. त्याला दोष देऊ नका, भाड्याच्या दोन खोल्यांत बैल कुठं ठेवणार? तेरवी झाल्यावर त्यानं बांड्याला गाडीत चढवून परतवाड्याच्या बैलबाजारात नेलं. पुढचं त्यानंच मला सांगितलं. गिऱ्हाईक यायचं, शिंग बघायचं आणि निघून जायचं. शेवटी एका म्हाताऱ्या व्यापारी चाचांनी बांड्याच्या मानेवरून हात फिरवला.

"ये तो आबाजीका बांड्या है ना? पिक्चरवाला?"

"हो चाचा."

"इसको यहाँ कौन लेगा, बेटा? तेरे बापने सबके सामने बोला है. घर ले जा."

मुलगा गाडीतच बसून रडला म्हणे. बांड्याला घेऊन गावी परतला. सोमवार ते शनिवार शेजारी वैरणपाणी बघायचा आणि रविवारी हा अकोल्याहून यायचा. आधी नाइलाजानं येत होता, पुढं मात्र शनिवारी रात्रीच येऊन गोठ्यात खाट टाकू लागला. मॅडमनी, मी, त्या चाचांनी मिळून आबाजींसाठी काही केलं असेल तर ते एवढंच, आणि तेही न ठरवता झालं. देवाचे आभार मानावेत तेवढे थोडे.

परवा पहाटे त्याचा फोन आला. "दादा, बांड्या गेला. गोठ्यातच, झोपेत. या."

बैलाच्या आयुष्यावरचा माहितीपट, आणि त्याचा शेवट आमच्याकडं नव्हता. सवयीनं तोंडातून गेलं, "कॅमेरा आणू का?"

"नको. जेसीबी बी नाई सांगतला मी. बाबाच्या वाटचं हातानंच खनाचं हाय. तुमच्याकडं फावडं असन त आना."

फावडं नव्हतं. शेजाऱ्याला उठवून मागून घेतलं आणि गाडीला बांधून निघालो.